औषधाची तक्रार करायला जाण्याआधी

औषध घेतल्यावर भलताच त्रास झाला किंवा बाटलीच्या तळाशी गाळ दिसला, की रागाच्या भरात ते औषध कचऱ्यात जातं. तेवढं करू नका. त्रास वाढत असेल तर आधी दवाखाना गाठा आणि औषध थांबवायचं का, हे डॉक्टरांनाच विचारा. फिट्सच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करणंही जिवावर बेततं. पण बाटली, खोका, आतला कागद, उरलेलं औषध सगळं एका पिशवीत घालून घरातल्या एकाच माणसाकडे सोपवा. लेबलवर फ्रिजमध्ये ठेवा म्हटलं असेल तर पिशवी फ्रिजमध्येच राहू दे.

तक्रारीचा जीव बॅच नंबरात, म्हणजे एकाच वेळी तयार झालेल्या मालावर छापलेल्या क्रमांकात असतो. ऑक्टोबर 2025 मध्ये ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या सिरपची शोधाशोध झाली ती एसआर-13 या बॅचवरून. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरं नागपूरच्या रुग्णालयांत मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली आणि तमिळनाडूच्या तपासणीत त्या सिरपमध्ये 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधून हेच विष रुग्णांच्या पोटात गेलं, 14 जण दगावले, चौकशीसाठी लेंटिन आयोग बसला. इतक्या वर्षांनी पुन्हा तेच रसायन, याची चीड येते. ते चवीला गोडसर, दिसायला पाण्यासारखं असतं. घरी बसून कुणाला ओळखता यायचं नाही. म्हणून बॅच नंबर, तयार केल्याची नि मुदतीची तारीख, कंपनीचं नाव आणि परवाना क्रमांक यांचे स्पष्ट फोटो काढून ठेवा. चारच गोळ्या कापून घेतल्या असतील तर छापील टोक बहुधा मेडिकलवाल्याकडेच राहिलेलं असतं. अशा वेळी बिल कामाला येतं. ते नसेल तर त्याच दिवशी जाऊन मागून घ्या.

मग एका कागदावर लिहून काढा: औषध कशासाठी दिलं, किती, कोणत्या वेळी घेतलं, त्रास केव्हा सुरू झाला, सोबत आणखी काय चालू होतं. काढा, चूर्ण, गावच्या वैद्याची पुडीसुद्धा लिहा. डॉक्टरांची चिठ्ठी आणि तपासण्यांचे रिपोर्ट त्याला जोडा.

कुठे जायचं हेही आधी ठरवा. औषध चांगलं पण अंगाला मानवलं नाही, असं वाटत असेल तर 1800-180-3024 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. डॉक्टरांनाही कळवायला सांगा. भेसळ, बनावट किंवा खराब मालाचा संशय असेल तर जिल्ह्यातलं अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय गाठा; महाराष्ट्रात त्यांचा टोल फ्री क्रमांक 1800-222-365. तुमची उघडलेली बाटली बघून तिथला औषध निरीक्षक सहसा दुकानातून त्याच बॅचचा सीलबंद नमुना घेतो, चार भाग करतो आणि त्यातला एक शासकीय विश्लेषकाकडे, म्हणजे औषध तपासणाऱ्या सरकारी तज्ज्ञाकडे पाठवतो. दुकानात तो माल शिल्लक असेतो पोहोचलात तर बरं, म्हणून उशीर नको. फारसं कुणाला ठाऊक नसलेली एक सोयही आहे: औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 26 प्रमाणे विकत घेतलेलं औषध ठरलेली फी भरून शासकीय विश्लेषकाकडून आपण स्वतः तपासून घेऊ शकतो.

अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. मेडिकलवाला बाटली बदलून द्यायला तयार झाला तरी देऊ नका, आणि निरीक्षकाने मागितली तर लेखी पोच घेऊनच द्या.