हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेला सल्लागार जोडताना

लेटरहेडवर वजनदार नावं छापायला सल्लागार घेऊ नका. नंदुरबार-धुळ्याकडच्या संघटनेला पाच माणसं पुरतात: तालुका कोर्टात रोज उभा राहणारा फौजदारी वकील, छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठातला एक वकील, महसूल किंवा वनखात्यातून निवृत्त झालेलं कोणी, सीए आणि पावरी-भिली या आदिवासी बोली जाणणारी एक बाई. ही शेवटची आधी शोधा. धडगावकडच्या बाईने पावरीत सांगितलेलं घाईत मराठीत उतरवलं की ‘धमकावलं’चं ‘मारलं’ होतं, आणि उलटतपासणीत नेमकं तेच धरतात. हकिकत आधी बोलीत रेकॉर्ड करायची, मग मराठीत लिहायची, बोलीत परत वाचून दाखवायची, त्यानंतरच अंगठा.

नेमणूक विश्वस्तांच्या ठरावाने, एका वर्षासाठी करा. पत्रात स्पष्ट लिहा की सल्लागार चेकवर सही करणार नाही आणि संघटनेच्या नावाने पत्रकारांशी बोलणार नाही. त्याला पुढे विश्वस्त केलंत तर धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद करणारा अर्ज, द्यावा लागतो. हा हमखास विसरला जातो. पक्षाचा पदाधिकारी कितीही भला असला तरी नको.

अटकेचा फोन रात्रीच येतो. म्हणून वकिलाचा आणि बदली वकिलाचा नंबर कार्यकर्त्याच्या खिशात कागदावर हवा. सातपुड्यात मोबाइलच्या भरवशावर राहू नये. फोनवर तीनच गोष्टी सांगायच्या: कोणाला, कुठून, किती वाजता उचललं. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावं लागतं, म्हणून ती वेळ लगेच लिहून ठेवा. ‘काल संध्याकाळी कधीतरी’ एवढ्यावर वकील काही करू शकत नाही. आदिवासी व्यक्तीला आणि कोणत्याही महिलेला विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळतो, तो अर्जही त्याच दिवशी टाका.

खरा कस वनहक्काच्या, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मागणाऱ्या, दाव्यांत लागतो. किमान दोन पुरावे लागतात आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. निवृत्त वनकर्मचारी इथे उपयोगी पडतो, कारण कुठला कागद चालतो हे त्याला ठाऊक असतं. छपरात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली अतिक्रमणाच्या दंडाची जुनी पावती लोक लाजून लपवतात. ताब्याचा पक्का पुरावा तोच. दुसरा पुरावा म्हणून दावेदाराखेरीज गावातल्या एखाद्या वृद्धाचा लेखी जबाब जोडा. ‘उपग्रह नकाशात शेत दिसत नाही’ एवढ्यावर दावा फेटाळला तर अपिलात जा, नकाशा हा पूरक पुरावा आहे. दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे जायला ६० दिवस असतात; समिती स्वतःच्या अधिकारात आणखी ३० देऊ शकते, पण ते गृहीत धरू नका. दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात, घरी आलेलं पत्र म्हातारी उतरंडीत ठेवून देते आणि मुदत निघून जाते. म्हणून निघण्याआधीच प्रत्येक दावेदाराकडून कागद घेण्याचं अधिकारपत्र गावातल्या एकाच्या नावे करून ठेवा.

मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून वर्षाच्या आत जावं लागतं. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, एका विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवा.

तोंडी मिळालेला प्रत्येक सल्ला त्याच दिवशी रजिस्टरला चढवा, तारखेसह. सल्लागार बदलतात, तारखा पुढच्याला लागतात.