समारोपात घेतलेली माघार

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत निबंधाला २५० गुण असतात. माझ्या पहिल्या वेळी, २०२३ मध्ये, मला त्यातले ९८ मिळाले. रायपूर केंद्रावरून परतताना मी गाडीत मैत्रिणीला सांगत होते की निबंधाचाच पेपर सगळ्यात चांगला गेला. गुण पुढच्या उन्हाळ्यात हाती आले, तेव्हा कितीतरी दिवस चुकलं कुठे हेच कळेना. मुद्दे होते, उदाहरणं होती, अक्षरही बरं होतं. राज्यसेवा परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यामुळे आमच्या अभ्यासिकेत आता कितीतरी मुलंमुली पहिल्यांदाच निबंधाला बसताहेत. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

समारोपात नवा मुद्दा काढू नये, नुसता सारांश देऊ नये, प्रस्तावनेशी धागा जुळवावा, हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. माझी चूक वेगळी होती. हजार शब्द एक बाजू मांडायची आणि शेवटच्या चार ओळींत ती सोडून द्यायची, हे मी जवळजवळ दर निबंधात करत होते आणि मला ते दिसतच नव्हतं.

ते दाखवलं नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी. मे २०२४ मध्ये, कूलरच्या आवाजात, त्यांनी माझा सरावाचा निबंध वाचला. विषय होता शहर आणि पाणी. मी २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेबद्दल लिहिलं होतं. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. डागा ले-आउटमधल्या मावशीच्या घरातला चिखल मी स्वतः उपसला होता, त्यामुळे लिहिताना हात थांबत नव्हता. माझं म्हणणं स्पष्ट होतं: पाऊस निमित्त झाला, पण नदीचं पात्र आपणच आवळलं. नदीला तिची जागा परत द्या.

आणि समारोप असा: ‘अशा प्रकारे विकास आणि पर्यावरण या एकाच नाण्याच्या दोन बाजू असून त्यांचा सुवर्णमध्य साधणे ही काळाची गरज आहे. शासन आणि नागरिक यांनी हातात हात घालून प्रयत्न केल्यास विकसित भारताचे स्वप्न दूर नाही.’

सरांनी वरचा सगळा मजकूर हाताने झाकला. ‘बेटा, हे वाच आणि सांग, निबंध कशावर आहे?’

मला सांगता आलं नाही. ती दोन वाक्यं शेतीवर चालली असती, रस्त्यांवर चालली असती, खाणींवरही. मग त्यांनी हात काढला. ‘वर म्हणतेस नदीची जागा परत द्या. खाली म्हणतेस सुवर्णमध्य. म्हणजे अर्धी जागा द्यायची का? तू नेमकी कोणाकडून आहेस?’

त्यानंतर मी जुने अकरा निबंध काढून नुसते समारोप वाचले. नऊ ठिकाणी तेच. कारण शोधायला आणखी वेळ लागला. मला वाटायचं, तपासणाऱ्याला माझी बाजू पटली नाही तर? शिवाय अधिकारी व्हायचं तर समतोल दिसला पाहिजे. समतोल हवाच, पण त्याची जागा मधल्या पानांत आहे. काठावर ज्यांची घरं आहेत त्यांनी जायचं कुठे, हा माझ्या बाजूवरचा सगळ्यात अवघड प्रश्न होता आणि मी त्याला मध्ये हातच लावला नव्हता. ते टाळलेलं उत्तर शेवटी सुवर्णमध्य होऊन बाहेर यायचं. म्हणून समारोप लिहिताना हात गुळगुळीत वाक्यांकडे वळला तर समारोप खोडत बसू नका. मागे जा आणि कोणता प्रश्न टाळलात ते शोधा.

मी मध्ये पुनर्वसनावर एक परिच्छेद घातला. मग शेवट असा झाला: ‘मावशीच्या घरातला चिखल दोन दिवसांत निघाला. काठावरच्या कुटुंबांना आधी दुसरी जागा द्यावी लागेल. त्याला पैसा लागेल, वर्षं लागतील, रोषही ओढवेल. तरी सुरुवात तिथूनच करावी लागेल, कारण पुढच्या पुराचं पाणीही याच वाटेने येणार आहे.’ अलंकार एकही नाही, पण हा परिच्छेद दुसऱ्या कुठल्याच निबंधाला जोडता येत नाही.

तयार समारोपांच्या झेरॉक्स विकत घेऊ नका. मी घेतल्या, पाठ केल्या, आणि त्यातून सुटायला पाठ करण्यापेक्षा जास्त दिवस लागले. एका क्लासने माझे सहा निबंध ‘छान प्रयत्न’ एवढा शेरा मारून परत दिले होते. त्या पैशांचं मला आजही वाईट वाटतं. तुमची वही सावकाश वाचून एक अडचणीचा प्रश्न विचारणारं माणूस शोधा. ते शाळेतले जुने बाई-सर असू शकतात, अभ्यासिकेतली ताई असू शकते. यशस्वी उमेदवारांच्या उत्तरपत्रिका जरूर पाहा, पण मधल्या पानांसाठी.

घाबरू नका. निबंधातल्या सगळ्या दुखण्यांत हे लवकर बरं होणारं आहे. वाचन वाढवायला वर्ष जातं, हे मला तीन आठवड्यांत जमलं. २०२४ मध्ये निबंधाला १२१ आले. अंतिम यादीत नाव अजून लागलेलं नाही, तयारी चालू आहे.

एक मात्र सांभाळा. तीन तासांत दोन निबंध असतात आणि पहिला नेहमी लांबतो. दुसऱ्याचा शेवट घाईच्या दोन मिनिटांत लिहायची वेळ आली की पाठ केलेलं वाक्य आपोआप पेनातून उतरतं. ‘अशा प्रकारे’ लिहून झाल्यावरच लक्षात येतं. मी आता लिहायला लागण्याआधी कच्च्या कामाच्या पानावर सरांचा ‘तू नेमकी कोणाकडून आहेस?’ हा प्रश्न लिहून त्याखाली एका ओळीत उत्तर लिहिते. दीड तास झाला की पहिला निबंध जिथे असेल तिथून त्या ओळीकडे नेते आणि बंद करते.