आयन-अणू टकरीत इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण: या चुका टाळा

प्रोटॉन हायड्रोजन अणूजवळून जातो, जाता जाता त्याचा इलेक्ट्रॉन घेतो आणि स्वतः अणू होऊन पुढे निघतो. मागे उरतो एक प्रोटॉन, म्हणजेच इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजनचा आयन. यालाच भारविनिमय किंवा सरळ चार्ज एक्सचेंज म्हणतात. दोन वाक्यांत सांगून होतं म्हणून विषय सोपा वाटतो, पण गणितं चुकतात ती इथेच. माझ्या मते बहुतेक चुकांचं मूळ एकच: ऊर्जेची वजाबाकी सगळे करतात, पण हलायला इलेक्ट्रॉनला किती वेळ मिळाला हे कुणी विचारत नाही.

चूक: आयन नाहीसा झाला म्हणजे कण थांबला

प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे १८३६ पट जड आहे. इलेक्ट्रॉन इकडून तिकडे गेला तरी दोन्ही अणुकेंद्रकांचे मार्ग जवळजवळ होते तसेच राहतात. त्यामुळे वेगवान आयन आणि संथ अणू यांच्या भेटीतून वेगवान अणू आणि संथ आयन बाहेर पडतात. भार बदलला, वेग ज्याचा त्याच्याकडे राहिला.

प्रयोगात याचा फटका असा बसतो. फॅरेडे कपातला (आयनांचा झोत पकडून त्याचा विद्युतप्रवाह मोजणारं धातूचं भांडं) प्रवाह घटतो आणि झोत वाटेत कुठेतरी अडला असं समजून लोक चुंबक, स्लिट, जोडणी तपासत बसतात. प्रत्यक्षात कण कपापर्यंत पोचलेले असतात, फक्त उदासीन, म्हणजे भाररहित होऊन. ते भिंत तापवतात, आणि कपातून सुटणारे दुय्यम इलेक्ट्रॉन रोखलेले नसतील तर खोटा धन प्रवाहही दाखवतात. कपाच्या अलीकडे विद्युतक्षेत्र लावून सगळे आयन बाजूला वळवा आणि सरळ रेषेत काय उरतं ते पाहा. अवकाशयानांच्या आयन इंजिनात त्रास उलट बाजूने होतो. तिथे मागे राहिलेले संथ आयन ऋणभारित जाळीकडे ओढले जातात आणि तिची झीज करतात.

चूक: जास्त ऊर्जा सुटते, म्हणजे क्रिया जास्त सहज होते

ही सर्वांत खोलवर रुजलेली चूक. हीलियमची आयनीकरण ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) २४.५९ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या ऊर्जेचं एकक), हायड्रोजनची १३.६०. म्हणजे हीलियम आयनाने हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन घेतला तर जवळपास ११ इलेक्ट्रॉन व्होल्ट सुटतात. वाटतं, क्रिया धडाधड होणार. पण कमी तापमानाला ती जवळजवळ होतच नाही. सुटलेली ऊर्जा न्यायला सोयीची वाट नसते आणि बहुधा प्रकाशकण बाहेर टाकूनच व्यवहार पुरा करावा लागतो.

याउलट ऑक्सिजनची आयनीकरण ऊर्जा १३.६२. हायड्रोजनशी फरक फक्त ०.०२ इलेक्ट्रॉन व्होल्ट. प्रोटॉन आणि ऑक्सिजन अणू यांच्यातली देवाणघेवाण त्यामुळे दोन्ही दिशांना झपाट्याने चालते, हीलियमच्या उदाहरणापेक्षा लाखो पटींनी वेगाने. तेजोमेघांत ऑक्सिजनचं आयनीकरण हायड्रोजनच्या मागोमाग जातं ते याच कारणाने.

ऊर्जेतला फरक शून्य असेल तेव्हा काय होतं, ते नीट पाहण्यासारखं आहे. प्रोटॉन आणि हायड्रोजन हळूहळू जवळ आले की इलेक्ट्रॉन कोणा एकाचा राहत नाही, दोन केंद्रकांमध्ये ये-जा करू लागतो. ठरावीक अंतराच्या आत ही ये-जा इतक्या वेळा होते की शेवटी तो कोणाकडे सापडेल याची शक्यता सरासरीने निम्मी-निम्मी. १ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास या क्रियेचं क्रॉस सेक्शन (टक्कर घडण्यासाठी लक्ष्य अणू जणू किती क्षेत्रफळाचा आहे याचं माप) साधारण ५ गुणिले १० चा उणे १५ वा घात चौरस सेंटीमीटर आहे. हायड्रोजनच्या बोर त्रिज्येच्या (अणूच्या आकाराचं नेहमीचं माप) वर्तुळाच्या पन्नास पटींहून मोठं! हिशेब केला तर इलेक्ट्रॉन दहा बोर त्रिज्यांइतक्या अंतरावरूनही पलीकडे जातो. म्हणून अणूची त्रिज्या घेऊन क्रॉस सेक्शनचा अंदाज बांधू नका.

चूक: वेगाऐवजी नुसती ऊर्जा लिहिणं

हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनचा बोर वेग (अणूत फिरतानाचा त्याचा ठरावीक वेग) सेकंदाला सुमारे २१९० किलोमीटर. प्रोटॉनला हा वेग २५ किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टला येतो, दुप्पट जड ड्यूटेरॉनला (जड हायड्रोजनचं केंद्रक) मात्र ५० ला. दोघांचे आलेख ऊर्जेवर मांडले तर ते वेगळे दिसतात, वेगावर मांडले की एकमेकांवर बसतात. टेबलातला आकडा उचलण्याआधी तो एकूण ऊर्जेचा आहे की दर न्यूक्लिऑनमागचा (केंद्रकातल्या दर प्रोटॉन वा न्यूट्रॉनमागचा), हे पाहून घ्या.

या वेगाच्या पुढे आयन इतक्या लवकर निघून जातो की इलेक्ट्रॉनला त्याच्यासोबत जाणं जमत नाही. १०० किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टला प्रोटॉन-हायड्रोजनचं क्रॉस सेक्शन १ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या तुलनेत शंभर पटींहून जास्त घसरलेलं असतं. ईटर या अणुसंमीलन प्रकल्पात प्लाझ्मा तापवणाऱ्या उदासीन कणांच्या झोतासाठी १० लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचे ऋण ड्यूटेरियम आयन निवडले आहेत, कारण त्या वेगाला धन आयन उदासीन करणं व्यवहार्यच नाही. ऋण आयनाचा जादा इलेक्ट्रॉन काढून टाकणं सोपं.

चूक: आलेला इलेक्ट्रॉन थेट तळाच्या पातळीत बसवणं

बहुभारित आयनांत, म्हणजे अनेक इलेक्ट्रॉन गमावलेल्या आयनांत, ही चूक महागात पडते. ऑक्सिजनचं उघडं केंद्रक घ्या, भार ८. त्याने हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन घेतला की भार ७ चा आयन आणि प्रोटॉन उरतात, आणि दोघे एकमेकांना जोरात दूर लोटतात. देवाणघेवाण कुठे होईल ते हे प्रतिकर्षण ठरवतं. नियम सोपा: १४.४ गुणिले ७ (उरलेल्या आयनाचा भार), भागिले सुटणारी ऊर्जा. ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये घातली की अंतर अँगस्ट्रॉममध्ये (सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग) मिळतं.

भार ७ च्या आयनात पाचव्या पातळीची बंधन ऊर्जा (तिथला इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा) ३४.८. त्यातून १३.६ वजा केले की २१.२ उरतात आणि अंतर येतं सुमारे ४.८ अँगस्ट्रॉम. सहाव्या पातळीसाठी ते ९.५ होतं, इतक्या लांबून इलेक्ट्रॉनची झेप क्वचितच जमते. चौथीसाठी २.५, आणि तिथवर पोचण्याआधीच बहुतेक वेळा पाचवीचा व्यवहार उरकलेला असतो. तळाच्या पातळीसाठी उत्तर ०.१२ अँगस्ट्रॉम, म्हणजे जवळजवळ केंद्रकाच्या अंगावर. म्हणून संथ टकरींत इलेक्ट्रॉन मुख्यतः पाचव्या पातळीत जातो आणि प्रकाश टाकत खाली उतरतो.

१९९६ मध्ये रोसॅट या क्ष-किरण टिपणाऱ्या उपग्रहाला ह्याकुताके धूमकेतूकडून क्ष-किरण आले. इतक्या थंड वायूतून क्ष-किरण कसे, असा प्रश्न पडला. पुढच्या वर्षी थॉमस क्रेव्हन्स यांनी हेच उत्तर मांडलं: सौरवाऱ्यातले बहुभारित ऑक्सिजन आणि कार्बन आयन धूमकेतूच्या वायूतून इलेक्ट्रॉन घेतात. ऊर्जा वायूच्या तापमानातून येत नाही, टकरीच्या वेगातूनही नाही. आयनाने आपले इलेक्ट्रॉन गमावले तेव्हाच ती त्याच्यात साठली होती.

मोजणीत तपासायच्या गोष्टी

फक्त संथ आयन मोजत असाल तर चार्ज एक्सचेंज आणि साधं आयनीकरण एकत्र मोजलं जातं, कारण दोन्हींत लक्ष्य अणूचा आयनच होतो. वेग जास्त असेल तर उदासीन झालेला कण आणि संथ आयन एकाच वेळी नोंदवल्याशिवाय हे दोन वेगळे होत नाहीत.

दाबाचंही तसंच. सामान्य तापमानाला ०.००१ टॉर (दाबाचं एकक) दाबाला दर घन सेंटीमीटरमध्ये साधारण ३ गुणिले १० चा १३ वा घात इतके कण असतात. झोत ज्यातून जातो तो वायूचा कक्ष १० सेंटीमीटरचा आणि क्रॉस सेक्शन १० चा उणे १५ वा घात असेल तर सुमारे एक चतुर्थांश झोत भार बदलतो आणि काही कण दुसऱ्यांदाही टक्कर घेतात. दाब दहा पटींनी उतरवा. उदासीन कणांचं प्रमाण दाबाच्या सरळ प्रमाणात वाढतंय का ते पाहा. रेषा शून्यातून जात नसेल, तर कक्षाबाहेरचा उरलेला वायू आपलं काम करतोय.

शेवटचा संशय आयनस्रोतावर घ्यावा. तळाच्या स्थितीतल्या ऑक्सिजन आयनाला नायट्रोजन रेणूचा इलेक्ट्रॉन घ्यायला जवळपास २ इलेक्ट्रॉन व्होल्ट कमी पडतात. तोच आयन ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दीर्घायुषी उत्तेजित स्थितीत असेल तर १.४ उलट शिल्लक राहतात. झोतात असे थोडे आयन मिसळले तरी कमी ऊर्जेचे सगळे आकडे फुगतात. स्रोतातल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा कमी करून तेच मोजमाप पुन्हा घ्या. क्रॉस सेक्शन बदललं तर झोत मिश्र आहे.