पाम तेल गिरणीतल्या टाकाऊ मालाचं खत आणि गॅस करताना या चुका टाळा

पामच्या १ टन ताज्या घडांतून तेल निघतं साधारण २०० किलो. फळं झडलेले रिकामे घड जवळपास तितकेच उरतात. शिवाय ६००-७०० लिटर आंबट, गरम सांडपाणी निघतं ते वेगळंच. घड आणि सांडपाणी मिळून चांगलं खत होतं, पण बहुतेक ढीग पाण्याचा हिशेब चुकल्यानेच बिघडतात.

घड अख्खेच रचणं. पाणी वरून निथळून जातं, आत मुरत नाही. आधी श्रेडरमधून काढून ५ ते १० सेंटिमीटरचे तुकडे करा. भुसा मात्र करू नका. ढीग दबला की हवा खेळत नाही.

सांडपाणी एकदम ओतणं. रिकाम्या घडात मुळातच ६०-६५ टक्के पाणी असतं. १ टन घडांत ३ टनांपर्यंत सांडपाणी जिरतं, पण आठ-दहा आठवड्यांत, ढीग पालटताना थोडं थोडं दिलं तर. आतली उष्णता पाणी उडवते, तेवढीच जागा नव्या पाण्याला मिळते. मूठभर माल दाबून पाहा: दोन-चार थेंब ठीक, धार लागली तर पाणी बंद. सडका वास आला तर लगेच पालटा.

ढीग ५५ ते ६५ अंशांवर हवा. ओल बरोबर असूनही तो तापत नसेल तर नत्र कमी पडतंय. डिकँटरमधला (तेलातून गाळ वेगळा करणाऱ्या यंत्रातला) ओला गाळ मिसळा. ढीग उघड्यावर मात्र नको. घडातलं पालाश पाण्यात सहज विरघळतं आणि पावसाबरोबर वाहून जातं, म्हणजे खताचा जीवच गेला. छप्पर घाला, निथळलेलं पाणी गोळा करून परत ढिगावर टाका.

गरम सांडपाणी थेट डायजेस्टरमध्ये, म्हणजे गॅस तयार करणाऱ्या हवाबंद टाकीत, सोडणं. ते ८०-९० अंशांवर निघतं, सामू (पीएच) ४ ते ५. आधी तेल काढा, नाहीतर वर जाड साय धरते आणि मेदाम्लांमुळे मिथेन करणारे जिवाणू मंदावतात. ३५-३८ किंवा ५०-५५, यातला एकच तापमानपट्टा धरून चाला. सामू घसरण्याची वाट पाहू नका. टाकीत तयार होणारी बाष्पशील आम्लं आणि अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद) यांचं गुणोत्तर ०.४ च्या वर गेलं की भरणा, म्हणजे टाकीत सोडायचं सांडपाणी, निम्मा करा. अशा वेळी चुना टाकण्याचा मोह होतो. त्याने सामू वर दिसतो, पण भरणा तसाच राहिला तर आम्ल साचतच जातं. गॅस इंजिनला देण्याआधी हायड्रोजन सल्फाइड काढावाच लागतो.

घड बॉयलरमध्ये जाळणं. ओले तर असतातच, वर पालाशामुळे राख वितळून नळ्यांना चिकटते. जाळायला फळांचे रेषे आणि कवच आहेत.

बागेत घडांचे ढीग टाकणं. आच्छादन एकाच थराचं हवं. जाड, कुजत्या ढिगात गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि पुढे तोच झाडाचा कोंब पोखरतो.