एलईडीचा पल्स ५ मायक्रोसेकंदांचा, पण स्कोपवर शेपूट एक मिलिसेकंदाचं: माझा अनुभव

लक्षण असं: सिग्नल जनरेटरवरून एलईडीला ५ मायक्रोसेकंदांचे पल्स दिले होते. समोर बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड (प्रकाश पडला की करंट देणारा डायोड), त्यातून एक मीटर कोअॅक्सियल केबल थेट ऑसिलोस्कोपला (सिग्नलचा आलेख दाखवणारं उपकरण, म्हणजेच स्कोप). सिग्नल झटकन वर जायचा, पण खाली यायला जवळजवळ एक मिलिसेकंद घ्यायचा.

एलईडी बदलला, त्याला चालू-बंद करणारा मॉसफेट (ट्रान्झिस्टर) बदलला, पल्स लहान केला. शेपूट तसंच. दोन संध्याकाळी गेल्या, फार वैताग आला.

मग एलईडीशी सिरीजमध्ये १ ओहमचा रेझिस्टर टाकून करंट पाहिला. तो अगदी चौकोनी होता. म्हणजे दोष प्रकाशात नव्हता, मोजण्यात होता. बायसशिवाय, म्हणजे बाहेरून व्होल्टेज न देता, या फोटोडायोडचं कपॅसिटन्स (चार्ज साठवण्याची क्षमता) सुमारे ७० पिकोफॅरड, केबलचं साधारण १००, स्कोपचं १५-२०. हे सगळं स्कोपच्या १ मेगओहम इनपुट रेझिस्टन्समधून रिकामं होतं, म्हणून टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स) १९० मायक्रोसेकंदांच्या आसपास; पूर्ण रिकामं व्हायला त्याच्या साधारण पाचपट वेळ लागतो, म्हणजे जवळजवळ एक मिलिसेकंद.

उपाय याच क्रमाने करा. आधी ९ व्होल्ट बॅटरीचं धन टोक डायोडच्या कॅथोडला जोडा (उलटं जोडलंत तर डायोडमधून सतत करंट वाहतो आणि मोजणी बिघडते), ऋण टोक ग्राउंडला. बॅटरीला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. अॅनोड केबलच्या मधल्या तारेला. शेवटी स्कोपच्या टोकाशी, मधली तार आणि ग्राउंड यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर.

रिव्हर्स बायसने, म्हणजे बॅटरीच्या या उलट्या व्होल्टेजने, डायोडचं कपॅसिटन्सही २५ पिकोफॅरडच्या खाली येतं. टाइम कॉन्स्टंट आता ०.१५ मायक्रोसेकंदांच्या आत आहे आणि पल्स चौकोनी दिसतो. सिग्नलची उंची मात्र कमी होते, त्यामुळे एलईडी डायोडच्या अगदी जवळ आणावा लागला.