भेटीसाठी लोकरीची टोपी: गोल सुईवर

डोक्याचा घेर 54 ते 56 सेंमी असेल तर टोपी 49 सेंमीची विणा. ताणून बसली तरच ती घसरत नाही. मध्यम जाडीची 100 ग्रॅम लोकर पुरते. सोबत 5 मिमीची, 40 सेंमी लांब गोल सुई (लवचीक दोरीने जोडलेली दोन टोकं) घ्या.

आधी त्याच लोकरीचा आणि सुईचा छोटा नमुना-तुकडा विणाच. 10 सेंमीत 18 टाके यायला हवेत. 20 आले तर हीच टोपी 44 सेंमीची होते आणि भेट कपाटात पडून राहते. तेव्हा जाड सुई घ्या.

88 टाके सैलसर घाला. गोल जोडण्यापूर्वी सगळे टाके एकाच दिशेला आहेत ना, बघा. इथला पीळ नंतर उसवल्याशिवाय सुटत नाही. 2 सुलट, 2 उलट अशी 5 सेंमी पट्टी विणा. पुढे एकूण उंची 16 सेंमी होईपर्यंत फक्त सुलट.

माथ्यासाठी 9 सुलट, 2 एकत्र, असं फेरीभर. पुढची फेरी साधी, न घटवता. मग 8 सुलट, 2 एकत्र. असंच दर वेळी एक सुलट कमी करत, मध्ये एक साधी फेरी घेत जा. 48 टाके उरल्यावर दर फेरीत घटवा. टाके गोल सुईवर ताणू लागले की दोन्हीकडे टोक असलेल्या सुया घ्या. शेवटच्या 8 टाक्यांतून धागा दोनदा ओवून घट्ट ओढा.

लोकरीचं धुण्याच्या सूचनांचं लेबल भेटीसोबत द्या.