बागेतले गाजरगवत फुलण्याआधी कसे काढावे

गाजरगवत, अर्थात काँग्रेस गवत, मूळचे अमेरिका खंडातले. १९५५च्या सुमारास ते पुण्यात आढळल्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. रिकाम्या प्लॉटवरून ते बागेत शिरते, आणि एका झाडाला हजारो बिया धरत असल्यामुळे एक हंगाम दुर्लक्ष झाले तरी पुढची कित्येक वर्षे खुरपे हातातून सुटत नाही.

सर्वांत महत्त्वाची आहे ती वेळ. पहिल्या पावसानंतर या तणाची कोवळी रोपे कोथिंबिरीसारखी कातरलेली पाने जमिनीलगत गोल पसरून बसतात. उगवल्यापासून साधारण महिनाभरात फुले येऊ लागतात, म्हणून दर आठ-दहा दिवसांनी कुंपणाच्या कडा, कुंड्यांच्या मागची जागा आणि लॉनमधले विरळ पट्टे नीट पाहावेत.

उपटण्यासाठी जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असावी. पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे आणि मास्क घालूनच हात लावावा, कारण या तणामुळे अंगावर खाज व पुरळ उठते, तर परागकणांमुळे शिंका आणि दम्याचा त्रास होतो. ज्यांना दमा आहे त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. रोप शेंड्याकडून ओढू नये. मातीलगतच्या बुडख्याशी धरून, थोडे हलवून, सोटमुळासकट काढावे. वरचा भाग तुटून बुडखा राहिला, तर त्याला पुन्हा फुटवे येतात. लॉनवर नुसते यंत्र फिरवल्यानेही हेच होते.

फुलावर आलेले झाड मात्र झटकून उपटू नये. त्याचे प्रत्येक पांढरे फूल नीट पाहिले, तर तो पाच कोपऱ्यांचा इवलासा गुच्छ असतो आणि त्यात साधारण पाच बिया धरतात. शेंड्यावर पिशवी चढवावी, तोंड आवळावे आणि मगच झाड काढावे. न फुललेली रोपे कंपोस्टमध्ये चालतात, फुललेली कदापि नाही. आमच्या बागेत हे तण विकतच्या शेणखतातून आले होते, तेव्हापासून नवे खत मी आधी कोपऱ्यात भिजवून, त्यातून काय उगवते ते पाहूनच वाफ्यांत घालतो.

मिठाच्या पाण्याची फवारणी पडीक जागेसाठी सुचवली जाते, पण बागेत ती करू नये, कारण तिने मातीच नासते. टू-फोर-डी हे तणनाशक लॉनच्या गवताला सहसा मारत नाही, तरी त्याचे वाऱ्यावर उडालेले तुषार शेजारच्या टोमॅटोची पाने वेडीवाकडी करतात. घरगुती बागेला हातच पुरेसे आहेत.

शेजारच्या पडीक प्लॉटवर पावसाळ्यात पांढुरक्या पाठीवर गडद रेघा असलेले छोटे भुंगेरे गाजरगवताची पाने खाताना दिसले, तर त्यांना मारू नये. हे मेक्सिकन भुंगेरे याच तणाच्या नियंत्रणासाठी १९८४ साली बंगळुरूला सोडण्यात आले होते.

उपटलेली जागा उघडी ठेवू नये. लॉनमध्ये तिथे लगेच हरळीचे तुकडे लावावेत, वाफ्यांत तीन-चार इंच पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे आणि कुंपणालगत झेंडू दाट पेरावा. मातीतले जुने बी पुढेही उगवत राहील, त्यामुळे त्या जागी खुणेची काठी रोवून ठेवावी आणि पुढच्या पावसाळ्यात पहिली फेरी तिथूनच सुरू करावी.